हात अडकतो का

सेलूच्या स्टेशन रोडवर, मुजफ्फरभाईच्या दुकानात
राउटर काचेमागं पाय वर करून निजलेले,
कुणाला दोन अँटिना, कुणाला चार,
एक तर सहावाला, उलट्या पडलेल्या खेकड्यासारखा.
"किती एमबीपीएसचा प्लॅन हाय, ताई?"
त्यानं मला विचारलं. सगळे मलाच विचारतात.
प्रयागअक्का शेजारीच उभी होती,
आलो होतो तिच्यासाठी.

घरचा मोडेम फ्रीजवर बसायचा,
दुपारी असा तापायचा की वर पापड वाळावा.
रात्री नऊला नांदेडहून शमीम पडद्यावर आली
की दहाव्या मिनिटाला लाल दिवा,
आणि शमीमचा हात हवेत तसाच,
बोटं अर्धी उघडलेली, शब्द अर्धा.
अक्का त्या हातापुढं बसून राहायची
रेल्वे फाटकापुढं बसावं तशी.

एकदा शमीम सांगत होती, अब्बा गेले.
हात वर निघाला होता, वर पोचलाच नाही.
अक्काला वाटलं, गावाला गेले.
चित्र हललं तेव्हा तिनं हसून विचारलं,
परत कधी येणार?

"हा घ्या, पिच्चर बिलकुल अडकणार नाय.
भिंती कशाच्या हायेत?"
दगडाच्या. वर पत्रे.
"मग ही पाच गिगाहर्ट्झवाली लाट दाराशीच बसंल.
मागच्या खोलीला जुनीच बरी, टू पॉइंट फोर."
मी म्हटलं, पिच्चर बघायचा नाही.
आमच्याकडून जाणारं किती जाईल ते सांगा.
"जाणारं कोण बघायलंय, ताई?
गिऱ्हाईक येणारंच विचारतंय."

तोवर अक्कानं एक खोकं उघडलं होतं.
राउटर पालथा केला, पोटाची भोकं बोटानं चाचपली,
वारा कुठून शिरतो, कुठून निघतो.
तळहातावर तोलला, खरबूज तोलावं तसा.
खेकडा बाजूला सारला, त्याच्याकडं न बघताच.
मग काउंटरवरची पावती ओढून पाठीवर लिहिलं:
हात अडकतो का?

मुजफ्फरभाईनं दोनदा वाचलं.
दुकानात गाणं लागलेलं, ते बंद केलं,
कशासाठी कोण जाणे.
मग पहिल्यांदाच तिच्याकडं बघून
सावकाश ओठ हलवत म्हणाला,
आणि म्हणता म्हणता खाली लिहिलंही:
हा नाही अडकवणार. तुमची तार अडकवते.

भागवत घुगे केबलवाला
आठ फोन केल्यावर शिडी घेऊन आला.
लिंबावरून आलेली तार
वानरांनी झोके घेऊन घेऊन सैल केलेली,
टीव्हीसाठी फाटा फोडला होता तिथलं पितळ
आंब्याच्या लोणच्यासारखं हिरवं.
"कामून सांगितलं नाय आधी?"
चार वर्षं सांगायलोत, भाऊ.
त्यानं फाटा काढला, नवी तार ओढली.
मोडेम फ्रीजवरून उतरून देवळीत गेला,
राउटर मधल्या दाराच्या चौकटीवर,
आणि दोघांच्या मागं एक चिमुकली बॅटरी,
साडेबाराशेची, लाईट गेल्यावर चार तास.
बिल झालं पाच हजारांच्या वर.
अक्कानं तिच्या शिलाईच्या डब्यातून दिले,
मला दहासुद्धा घालू दिले नाहीत.

शुक्रवारी नऊला शमीम आली.
दहावं मिनिट गेलं, अकरावं गेलं.
शमीमच्या पुतणीच्या लग्नावरून दोघींचं भांडण जुंपलं,
इतकं जोरात की बांगड्या वाजायला लागल्या.
आणि लाईट गेली.

देवळीत हिरवा दिवा तसाच.
शमीम पडद्यावर तशीच, बोटं उडवत.
नेट होतं, पूर्ण होतं.
अक्काचे हात तेवढे अंधारात गेले,
आणि पलीकडून शमीम डोळे बारीक करून
काळ्या चौकोनात तिला शोधायला लागली.

या गोष्टीचं मी दुकानात विचारलं नव्हतं.
टॉर्च घेऊन मी अक्काच्या समोर उभी राहिले,
अठ्ठावीस मिनिटं. दंड भरून आला, हात बदलला.
उजेड जरा हलला
तशी भांडणाच्या मधेच, माझ्याकडं न बघता,
अक्कानं दोन बोटांनी दटावलं:
नीट धर.